संगणकावरून मुलं खरंच शिकतात का? संशोधन काय सांगतं आणि बुलढाण्यातल्या शाळेसाठी त्याचा अर्थ काय?

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांमध्ये प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही आणि टॅबलेट आले. काही ठिकाणी सरकारी निधीतून, तर अनेक ठिकाणी गावाने काढलेल्या लोकवर्गणीतून. २०१७ साली केंद्र सरकारचं 'दीक्षा' व्यासपीठ सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. कोरोनाच्या काळात तर शाळाच मोबाइलच्या पडद्यावर भरली.

बुलढाणा जिल्ह्यातही हेच चित्र आहे. घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या खामगाव-नांदुऱ्यापर्यंत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद-संग्रामपूरपर्यंत 'आमची शाळा डिजिटल झाली' हे वाक्य ऐकायला मिळतं. प्रश्न पुढचा आहे. शाळा डिजिटल झाली म्हणजे मुलाला भागाकार यायला लागला का?

या प्रश्नावर जगभरात साठ वर्षांहून जास्त काळ संशोधन सुरू आहे. त्यातले काही महत्त्वाचे प्रयोग आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये आणि दिल्लीत झाले आहेत. त्यांचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात मिळत नाही. यंत्र कोणतं यापेक्षा धडा कसा रचला आहे, तो कोणत्या वेळेत शिकवला जातो आणि कोणत्या भाषेत, यावर सगळं ठरतं.

संगणक-साहाय्यित शिक्षण म्हणजे नेमकं काय?

फळ्याच्या जागी पडद्यावर व्हिडिओ लावला, तर ते दृकश्राव्य साधन झालं. संगणक-साहाय्यित शिक्षणात मूल आणि यंत्र यांच्यात देवाणघेवाण असते. यंत्र प्रश्न विचारतं, मूल उत्तर देतं, उत्तर बरोबर की चूक हे यंत्र लगेच सांगतं आणि त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतं.

हा फरक लक्षात ठेवायला हवा. 'डिजिटल वर्ग' या एकाच नावाखाली दोन्ही गोष्टी विकल्या जातात, पण संशोधनात त्यांचे परिणाम सारखे दिसत नाहीत.

ही कल्पना आली कुठून?

१९२०च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी बहुपर्यायी प्रश्न विचारणारं एक छोटं यंत्र बनवलं. बटण दाबून उत्तर द्यायचं आणि बरोबर आलं तरच पुढचा प्रश्न दिसायचा.

१९५०च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी 'शिकवणारं यंत्र' तयार केलं. ते मुलीच्या वर्गात गेले होते. तिथे काही मुलांचं गणित कधीच सुटलेलं होतं आणि ती पुढच्या कामाची वाट पाहत होती, तर काही मुलं पहिल्याच पायरीवर अडकली होती. आपलं उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हतं. स्किनर यांच्या यंत्राने दोन गोष्टी साधायचा प्रयत्न केला. प्रत्येकाने आपल्या गतीने पुढे जावं आणि प्रत्येक पायरीवर लगेच उत्तर मिळावं.

१९६० साली इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकावर शिकवणारी यंत्रणा सुरू झाली. त्याच दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सपीज यांनी शाळकरी मुलांना संगणकावरून अंकगणिताचा सराव द्यायला सुरुवात केली. भारतात १९८४ साली 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांत संगणक पोहोचले. महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीमुळे संगणकासमोर बसून शिकणं तालुक्याच्या गावापर्यंत गेलं.

म्हणजे 'एआय शिक्षक' वगैरे शब्द नवे असले तरी मूळ प्रश्न जुनाच आहे. ३५-४० मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेपुरतं शिकवायचं कसं?

नुसती यंत्रं दिली तर काय होतं?

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. संशोधकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. मुलांच्या हातात लॅपटॉप आले आणि त्यांचा वापरही वाढला, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काहीच फरक पडला नाही.

शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ सालीच हा इशारा दिला होता. त्यांचं म्हणणं असं, की माध्यम हे फक्त वाहन आहे. किराणा ज्या ट्रकने आला, त्या ट्रकमुळे कोणाचं पोषण सुधारत नाही. सुधारतं ते आतल्या धान्यामुळे. शाळेत टॅबलेट आला म्हणजे ट्रक दारात उभा राहिला, एवढंच.

वडोदऱ्याचा प्रयोग: आठवड्याला दोन तास

गुजरात सरकारने वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. 'प्रथम' या संस्थेने तिथे चौथीच्या मुलांसाठी गणिताच्या खेळांचा कार्यक्रम चालवला. मुंबईत सुरू झालेली ही संस्था माधव चव्हाण यांच्या नावाने महाराष्ट्राला परिचित आहे. एका संगणकावर दोन मुलं बसायची. आठवड्याला एकूण दोन तास, त्यातला एक तास शाळेच्या वेळेत आणि एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर. मूल जसजसं बरोबर उत्तरं देईल, तसतसे प्रश्न अवघड व्हायचे. सोबतीला स्थानिक, थोडंसं प्रशिक्षण घेतलेले मार्गदर्शक असत.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी या कार्यक्रमाचा अभ्यास केला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कोणत्या शाळेत कार्यक्रम चालवायचा हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरवलं होतं. त्यामुळे दिसलेला फरक कार्यक्रमाचाच, असं खात्रीने म्हणता आलं.

परिणाम मोठा होता. १०० मुलांना गणिताच्या गुणांप्रमाणे खालून वर रांगेत उभं करा. बरोबर मधलं, म्हणजे ५०व्या जागेवरचं मूल दुसऱ्या वर्षाअखेर साधारण ६८व्या जागेवर पोहोचावं, एवढी ही सुधारणा होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा बराचसा फायदा ओसरला होता. तेच मूल आता साधारण ५४व्या जागेवर होतं. सराव सुटला की शिकलेलं पातळ होतं, ही घरातल्या मोठ्यांची जुनी समजूत आकड्यांतही दिसली.

अहमदाबादचा धडा: शिक्षकाची जागा घेतली तर नुकसान

ली लिंडन यांनी गुजरातमध्येच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या शाळांत आणखी एक प्रयोग केला. दुसरी-तिसरीच्या मुलांना संगणकावर गणिताचा सराव दिला, पण दोन वेगवेगळ्या पद्धतींनी. एका गटात तो शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या तासाच्या जागी होता. दुसऱ्या गटात शाळा सुटल्यावर, नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला होता.

जोडीला दिलेल्या सरावाने मुलं पुढे गेली. रांगेतलं ५०व्या जागेवरचं मूल साधारण ६१व्या जागेवर आलं. शिक्षकाच्या तासाच्या जागी दिलेल्या सरावाने मात्र मुलं मागे पडली. तेच मूल साधारण २८व्या जागेवर घसरलं.

संगणक तसाच आणि विषय तोच असूनही परिणाम उलटा आला. या शाळांत शिक्षक मुळात चांगलं शिकवत होते, त्यामुळे त्यांचा तास काढून घेणं महागात पडलं. म्हणून शाळेत स्मार्ट टीव्ही आल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा, की तो कोणाचा वेळ घेतो आहे? रिकाम्या तासाचा की शिकवण्याच्या तासाचा?

दिल्लीचा प्रयोग: मूल जिथे आहे तिथून सुरुवात

कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा दिल्लीतला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सरकारी माध्यमिक शाळांतल्या ६१९ मुलांपैकी काहींना सोडत काढून 'माइंडस्पार्क' केंद्रांवर मोफत प्रवेश मिळाला. आठवड्यात सहा दिवस, रोज ९० मिनिटं. त्यातली अर्धी वेळ सॉफ्टवेअरवर आणि अर्धी वेळ छोट्या गटात एका साहाय्यकासोबत.

सुरुवातीच्या चाचणीतच एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. म्हणजे पुस्तक सहावीचं, पण मुलाची तयारी तिसरी-चौथीची. वर्गात शिक्षक अभ्यासक्रम संपवायच्या मागे असतात आणि मूल पहिल्याच ओळीला सुटलेलं असतं.

हे सॉफ्टवेअर आधी मुलाची खरी पातळी शोधायचं आणि तिथून प्रश्न द्यायचं. साडेचार महिन्यांत गणितात ५०व्या जागेवरचं मूल साधारण ६४व्या जागेवर गेलं. हिंदीतही स्पष्ट सुधारणा दिसली.

मात्र शाळेच्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती तशी उमटली नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मूल तिसरीवरून चौथीच्या पातळीवर आलं तरी सातवीचा पेपर त्याला अवघडच जाणार. पालक गुणपत्रिका पाहतात आणि म्हणतात, 'काही फरक नाही.' मूल शिकलेलं असतं, पण परीक्षा ते मोजत नाही.

चांगला धडा कसा रचतात? लोणारचं उदाहरण

पडद्यावर काय दाखवावं आणि काय टाळावं, यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं प्रयोग केले. त्यामागचा विचार सोपा आहे. माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. १९८०च्या दशकात जॉन स्वेलर यांनी याला 'आकलनाचा भार' म्हटलं. धड्याने हा भार नको तिथे वाढवला, तर शिकायला जागाच उरत नाही.

समजा, 'लोणारचं विवर कसं तयार झालं' यावर पाचवीसाठी धडा करायचा आहे. विवर बुलढाणा जिल्ह्यातलंच, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आणि काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं.

नेहमी दिसणारा धडा असा असतो. मागे जोरात संगीत, पडद्यावर फिरणारी उल्का, खाली परिच्छेदभर मजकूर आणि तोच मजकूर वाचणारा आवाज. मध्येच २०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, त्याची चित्रं. शेवटी टाळ्यांचा आवाज.

मेयर यांच्या संशोधनाप्रमाणे यात चार चुका आहेत.

पहिली, संगीत आणि सजावट. शिकण्याशी संबंध नसलेली प्रत्येक गोष्ट लक्ष खाते. ती काढली की मुलं जास्त शिकतात.

दुसरी, चित्रासोबत तोच मजकूर वाचायलाही आणि ऐकायलाही देणं. डोळे चित्र पाहू की अक्षरं वाचू, यात अडकतात. चित्र आणि आवाज एवढंच पुरे. शब्द हवेतच तर चित्रावर, त्या त्या भागाशेजारी, मोजके.

तिसरी, मनोरंजक पण विषयाबाहेरची माहिती. गुलाबी पाण्याची गोष्ट खरी आहे आणि रंजकही आहे. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. पण ती विवर कसं झालं हे सांगत नाही. धडा संपल्यावर मुलाला गुलाबी पाणी आठवतं, आघात आठवत नाही. त्या माहितीसाठी वेगळा धडा करावा.

चौथी, सगळं एका दमात दाखवणं. उल्का आदळली, खडक वितळला आणि उडाला, खड्डा पडला, कड वर आली, पाणी साठलं. हे पाच टप्पे वेगवेगळे दाखवून प्रत्येक टप्प्यानंतर 'पुढे' हे बटण मुलाच्या हातात दिलं, तर समज वाढते. आणि 'उल्का', 'विवर', 'बेसॉल्ट' हे शब्द धडा सुरू होण्याआधीच ओळखीचे करून द्यावेत.

थोडक्यात, मुलाच्या आकलनासाठी साधा, शांत आणि तुकड्यातुकड्यांचा धडा जास्त उपयोगी. विकायला मात्र झगमगीत धडा सोपा जातो. अडचण तिथेच आहे.

'चूक' एवढंच सांगून भागत नाही

५२ वजा २७ हे गणित घ्या. मुलाने उत्तर ३५ लिहिलं. यंत्र म्हणालं, 'चूक! पुन्हा प्रयत्न करा.' मूल पुन्हा ३५ लिहितं.

मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. त्याचा एक नियम आहे आणि तो प्रत्येक गणितात तो पाळतो आहे. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या अशा ठरलेल्या चुकांचा अभ्यास करून त्या ओळखणारा संगणकीय कार्यक्रमच लिहिला. चांगलं सॉफ्टवेअर ३५ हे उत्तर पाहताच ओळखतं, की अडचण दशक मोकळं करण्यात आहे, आणि मुलाला तिथे घेऊन जातं.

कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. फक्त अंतिम उत्तर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा फायदा मर्यादित होता. प्रत्येक पायरी तपासून तिथेच मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरचा फायदा त्याच्या दुपटीहून जास्त होता. तो एकेका मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या जवळपास पोहोचत होता.

मराठी मुलांसाठी इथे आणखी एक खाच आहे. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा आधी तीन येतात आणि मग साठ. लिहिताना मात्र आधी ६ आणि मग ३. ऐकून लिहिताना लहान मूल ३६ लिहू शकतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची पर्यायी पद्धत आली, तेव्हा सोशल मीडियावर भरपूर विनोद झाले. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती मांडली होती आणि तिच्यामागे हीच अडचण होती. इंग्रजीत तयार होऊन नंतर मराठीत भाषांतर झालेल्या सॉफ्टवेअरला ही चूक माहीतच नसते, कारण इंग्रजीत 'सिक्स्टी थ्री' म्हणताना क्रम उलटा होत नाही.

पाहण्यापेक्षा आठवणं महत्त्वाचं

व्हिडिओ पाहिल्यावर सगळं समजल्यासारखं वाटतं. ते वाटणं फसवं असतं.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तो न पाहता तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

म्हणून चांगला संगणकीय धडा दोन-तीन मिनिटांनी थांबतो आणि विचारतो. आज शिकवलेलं उद्या विचारतो, मग आठवड्याने, मग महिन्याने. पाढे पाठ म्हणून घेणाऱ्या आजीची पद्धत यापेक्षा फार वेगळी नव्हती.

२०२०मध्ये शाळा बंद असताना एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आणली. पडदा एकतर्फी असला तरी मुलांनी घरातल्या वस्तू घेऊन करून पाहावं, अशी तिची रचना होती. साधन साधं असलं तरी मुलाला कामाला लावता येतं, हे त्यातून दिसलं.

मुलं यंत्राला चकवतात तेव्हा

संगणकाच्या खोलीत शांतता आहे, सगळ्यांची बोटं चालू आहेत, म्हणजे अभ्यास सुरू आहे असं नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मुलांचं निरीक्षण केलं. काही मुलं 'मदत' हे बटण भराभर दाबून शेवटी उत्तरच मिळवायची. काही जण पर्याय एकामागून एक दाबून बरोबर सापडेपर्यंत थांबत नसत. अशी मुलं कमी शिकत होती. गप्पा मारण्यापेक्षाही यंत्राला चकवण्याचा तोटा जास्त होता.

उपाय दोन आहेत. मदत थोडी थोडी आणि थोडं थांबून द्यायची. आणि खोलीत एक माणूस फिरता ठेवायचा, जो मुलाला विचारेल, 'हे तू कसं काढलंस, सांग बरं?'

भाषा: बुलढाण्यात हा प्रश्न सगळ्यात मोठा

जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली ही भाषा बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही जगातल्या दुर्मीळ भाषांपैकी एक आहे. तिचं मराठीशी, कोरकूशी किंवा दुसऱ्या कोणत्याही भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही. तिचे बोलणारे साधारण दोन-अडीच हजार उरले आहेत. याच पट्ट्यात कोरकू आणि भिलाला बोलणारी कुटुंबंही आहेत. उरलेल्या जिल्ह्यात घरची बोली वऱ्हाडी.

आता पडद्यावरचा धडा पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत असतो. जे मूल घरी निहाली किंवा कोरकू बोलतं, त्याच्यासाठी पहिलीचा गणिताचा धडा हा आधी भाषेचा धडा असतो. मूल उत्तर चुकलं, तर त्याला बेरीज येत नाही की प्रश्नच कळला नाही, हे यंत्राला समजत नाही. ते मुलाला 'गणितात कच्चं' ठरवून खालच्या पातळीवर पाठवतं. पातळीप्रमाणे शिकवण्याचा सगळा डोलारा त्या पहिल्या चाचणीवर उभा असतो, आणि चाचणीच चुकीची झाली तर पुढचं सगळं चुकतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळालं. सर्वांना त्यांचे क्यूआर कोड आठवतात. त्याआधीची पायरी कमी जणांना माहीत आहे. त्यांच्या शाळेत कन्नड बोलणारी मुलं होती. त्यांनी पाठ्यपुस्तक मुलांच्या मातृभाषेत आणलं आणि मग त्यावर कोड लावले. आधी भाषा आणि मग तंत्र, असा तो क्रम होता.

आयआयटी मुंबईतला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मोठ्या मुलांसाठी याच वाटेने गेला. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारातून सुरू झालेल्या या प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे आहेत. पडदा इंग्रजीत आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. विद्यार्थी धडा थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून पाहतो. संहिता पक्की होण्याआधी ती विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाकडून तपासून घेतात. जाणकाराला सोपं वाटणारं वाक्य नवख्याला कुठे अडवतं, हे नवखाच सांगू शकतो.

मेयर यांच्या प्रयोगांतही बोलल्यासारखी भाषा पुस्तकी भाषेपेक्षा जास्त परिणामकारक ठरली. त्या न्यायाने 'असे का घडले असावे?' यापेक्षा 'असं काहून झालं असेल?' हा प्रश्न खामगावच्या मुलाला जवळचा वाटू शकतो. त्यासाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. गावातल्या शिक्षिकेचा आवाज आणि मोबाइलचा मायक्रोफोन पुरतो. निहाली किंवा कोरकू घरांतल्या मुलांसाठी ती भाषा येणारा गावातलाच तरुण किंवा तरुणी सोबत असणं हे कोणत्याही ॲपइतकंच महत्त्वाचं आहे.

खर्चाचा हिशेब

वडोदऱ्याच्या त्याच अभ्यासात आणखी एक कार्यक्रम होता, 'बालसखी'. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास मूलभूत वाचन आणि गणित शिकवायची. दुसऱ्या वर्षी त्याचा फायदा संगणकाच्या कार्यक्रमापेक्षा कमी होता. पण खर्च दर मुलामागे वर्षाला साधारण सव्वादोन डॉलर होता, तर संगणकाचा सुमारे १५ डॉलर. खर्चाच्या मानाने बालसखी भारी पडली.

म्हणून वर्गणीचे पैसे हातात असताना 'टॅबलेट घ्यायचा का?' या प्रश्नाशेजारी 'याच पैशात दुसरं काय होईल?' हा प्रश्नही मांडायला हवा.

सॉफ्टवेअर घेण्याआधी काय विचारावं?

शाळा व्यवस्थापन समिती, शिक्षक किंवा पालक यांनी विक्रेत्याला पुढचे प्रश्न विचारावेत.

१. मूल किती वेळ नुसतं पाहतं आणि किती वेळ स्वतः उत्तर देतं?

२. सुरुवातीला मुलाची पातळी तपासली जाते का? पाचवीतल्या मुलाला गरज असेल तर तिसरीचं गणित मिळतं का?

३. चूक झाल्यावर यंत्र 'चूक' एवढंच म्हणतं की चूक कुठे झाली ते दाखवतं?

४. मागे शिकवलेलं काही दिवसांनी पुन्हा विचारलं जातं का?

५. संगीत आणि चित्रांची सजावट बंद करता येते का?

६. धडा मुळात मराठीत तयार झाला आहे की भाषांतर आहे? स्थानिक आवाज घालता येतो का?

७. इंटरनेट नसताना आणि वीज गेल्यावर ते चालतं का?

८. शिक्षकाला कळेल अशा भाषेत प्रत्येक मुलाचा अहवाल मिळतो का?

९. हे शिक्षकाच्या तासाच्या जागी आहे की जोडीला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'जागी' असेल तर अहमदाबादचा अनुभव आठवावा.

आणि खरेदी झालीच, तर एक साधी गोष्ट करावी. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाची तोंडी चाचणी घ्यावी. एक परिच्छेद वाचायला द्यावा, एक हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार घालावा. तीन महिन्यांनी तशीच चाचणी पुन्हा घ्यावी. मूल घरी निहाली किंवा कोरकू बोलत असेल, तर गणिताचे प्रश्न त्याच्या भाषेतही विचारावेत. खर्च शून्य. ज्या गावाने वर्गणी दिली, त्या गावाला आपल्या पैशातून मुलं किती पुढे गेली हे ग्रामसभेत सांगता येईल.